टोपणनावामागचं खरं नाव कोणी मागितलं तर?

कडीपत्ता

नमस्कार मंडळी. लिहिणं थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

माझी एक मैत्रीण ठाण्याला राहते. (खरंच मैत्रीण आहे. "माझ्या एका मित्राला गुप्त आजार आहे" त्यातला प्रकार नाही.) त्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास चार वर्षं रखडलाय. पर्यायी जागेचं भाडं सहा महिने थकलं तेव्हा तिने एका संकेतस्थळावर टोपणनावाने सविस्तर लिहिलं. करारात काय होतं, प्रत्यक्षात काय झालं, कुठल्या तारखेला कुठलं पत्र दिलं आणि त्याला उत्तर आलं की नाही. शिवी एकही नाही. विकासकाचं नाव मात्र आहे.

लेख सगळ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. पंधरा दिवसांत विकासकाच्या वकिलाने संकेतस्थळाला नोटीस धाडली: लेख उतरवा आणि लिहिणाऱ्याचं नाव, ईमेल, फोन नंबर आम्हाला द्या, नाहीतर ५ कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकू. ते संकेतस्थळ नोकरी सांभाळून दोघं जण चालवतात. त्यांनी निदान तिला ईमेल करून कळवलं तरी.

तेव्हापासून तिची झोप उडालीय. घर अजून त्याच माणसाच्या हातात आहे. नाव कळलं तर सगळ्यात शेवटी चावी आपल्याला, तीही लिफ्टशेजारच्या फ्लॅटची, असं ती म्हणते. हसू नका, तिला रडू येतंय.

तर प्रश्न असे. नुसत्या वकिलाच्या पत्रावर नाव द्यावं लागतं का? प्रकरण कोर्टात गेलं तर कोर्ट नाव कधी द्यायला लावतं? आणि मुळात टोपणनावाने लिहिणं हा हक्क आहे की कोणीही काढून घेऊ शकेल अशी सवलत?

माझं मत आधीच सांगते. नाव मागणाऱ्याने आधी आपलं नुकसान काय झालं आणि लिहिलेलं खोटं कुठे आहे ते दाखवावं. नाव त्यानंतर.

ओटीपीकाका

चहा झाला. बाकीचे येईपर्यंत भजी तळतो.

सुरवंट

विषय चांगला आहे, पण मी दुसऱ्या बाजूचा. जे लिहिलंय ते खरं असेल तर नाव लपवायचं कशाला? आमच्या आजोबांनी ग्रामपंचायतीविरुद्ध तक्रार केली ती सही करून, खाली पत्ता घालून. निनावी पत्राला आमच्या गावात केराची टोपली होती आणि ते बरोबरच होतं.

पारवा

सुरवंट, आजोबांना नमस्कार. पण सही करणाऱ्यांचं पुढे काय होतं तेही बघा.

सत्येंद्र दुबे आठवतात? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. पत्रावर नाव होतं आणि ते गुप्त ठेवा अशी विनंतीही होती. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्यांचा खून झाला. आपल्याकडे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी. माहिती अधिकारात जमिनीचे व्यवहार खणून काढायचे. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला.

दुबे प्रकरणानंतर जागल्यांच्या, म्हणजे भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाच्या कायद्याची चर्चा सुरू झाली. तो २०१४ मध्ये संमत झाला आणि अजून लागू नाही. त्यातही तक्रारदाराने ओळख दिली नाही तर तक्रारीची दखल घ्यायची नाही, असंच लिहिलंय. म्हणजे तुमच्या गावची केराची टोपली दिल्लीलाही आहे.

काळा कोट

वकिली करतो, पण हा सल्ला नाही. मैत्रिणीला तिचा स्वतःचा वकील गाठायला सांगा. सर्वसाधारण माहिती देतो.

वकिलाची नोटीस म्हणजे पत्र. त्यावर कितीही लाल शिक्के असले तरी तो आदेश नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ दुसऱ्याने लिहिलेला मजकूर फक्त ठेवणाऱ्याला संरक्षण देतं. श्रेया सिंघल निकालात (२४ मार्च २०१५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मजकूर काढण्याची जबाबदारी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हाती आल्यावर येते. कुणा खाजगी माणसाने "हे बेकायदेशीर आहे" म्हटलं म्हणून येत नाही. याच निकालात त्याच कायद्याचं ६६अ, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारं कलम, रद्द झालं. त्याची सुरुवात आपल्या पालघरातली, २०१२ च्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून दोन मुलींना अटक झाली तिथून.

आता फौजदारी बाजू. बदनामीचं दंड संहितेतलं जुनं कलम ४९९-५०० आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद. पण गुन्हा अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तेव्हा "सायबर सेलमधून बोलतोय, नाव सांगा" असा फोन आलाच तर शांतपणे म्हणायचं, लेखी पाठवा.

गोम पुढे आहे. प्रकरण दखलपात्र कलमाखाली बसवलं, धमकी वगैरे जोडली, तर तपास यंत्रणा लेखी आदेश देऊन माहिती मागू शकते आणि माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे मध्यस्थाने (म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळाने) ती ७२ तासांत द्यायची असते. या सगळ्यात लिहिणाऱ्याला आधी कळवा, त्याचं ऐकून घ्या, अशी पायरी आपल्याकडे लिहिलेली नाही. खरी भोकं इथे आहेत.

ओटीपीकाका

एक ७९अ सोसायटी पुनर्विकासाचं आणि एक ७९ इंटरनेटचं. तुमच्या मैत्रिणीच्या पत्रिकेत ७९ वक्री आहे.

कडीपत्ता

काका :) ७९अ तिला तोंडपाठ झालंय. ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय झोपेत म्हणून दाखवते.

काळा कोट, फार आभार. नोटीस म्हणजे पत्र, एवढं कळल्यावरच ती आज जेवली.

मॉरिसटाउनकर

"आधी कळवा" ही जी पायरी काळा कोट म्हणतायत तिचा उगम आमच्या गावात, न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला, आहे म्हणून लिहितो. डेंड्राइट ही इथलीच सॉफ्टवेअर कंपनी. २००० च्या आसपास याहूच्या शेअरबाजाराच्या चर्चेत काही टोपणनावांनी कंपनीच्या हिशेबांबद्दल आणि अध्यक्षाबद्दल लिहिलं. कंपनीने "जॉन डो"वर, म्हणजे नाव माहीत नसलेल्या प्रतिवादीवर, दावा लावला आणि याहूकडून नाव मागितलं. जुलै २००१ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने "डो क्रमांक ३"चं नाव द्यायला नकार दिला आणि पुढच्या दाव्यांसाठी चाळणी घालून दिली.

आधी लिहिणाऱ्याला निरोप पोचवण्याचा प्रयत्न करा, जिथे त्याने लिहिलं तिथेच सूचना लावा आणि त्याला वकील गाठायला वेळ द्या. मग नेमकी कुठली वाक्यं बदनामीकारक आहेत ती दाखवा. "एकूण सूर वाईट आहे" चालणार नाही. मग प्रत्येक मुद्द्याला प्रथमदर्शनी पुरावा द्या. एवढं झाल्यावर न्यायाधीश तुमच्या दाव्याचं बळ आणि त्याचा निनावी बोलण्याचा हक्क समोरासमोर ठेवून बघतील. डेंड्राइट अडली ती नुकसानीपाशी. या मजकुरामुळे आपलं काय बिघडलं हे तिला दाखवता आलं नाही.

२००५ मध्ये शेजारच्या डेलावेअरात एका नगरसेवकाचं प्रकरण आलं. त्याच्याबद्दल कुणीतरी "अभिमानी नागरिक" अशा अर्थाच्या नावाने लिहिलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही चाळणी जरा सुटसुटीत केली, पण आधी सूचना आणि मग पुरावा या दोन गोष्टी ठेवल्याच.

हे व्हायच्या आधी काय चालायचं त्याचा नमुना म्हणजे रेथिऑन, १९९९. शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या कंपनीने २१ अनामिकांवर दावा लावला, याहूकडून नावं मिळवली, त्यातल्या काही कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडली, आणि कंपनीने दावा मागे घेतला. खटला जिंकायचाच नव्हता. नावं हवी होती, ती मिळाली.

रानजाई

शेवटचा परिच्छेद वाचून काटा आला. दावा हा नाव काढून घ्यायचा आकडा. गळ टाकायचा, मासा आला की गळ गुंडाळून घरी.

दाढदुखी

इथे सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून लिहितो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझी बायको दातांची डॉक्टर आहे. गाव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी एका महिन्यात तिच्या दवाखान्याबद्दल अकरा निनावी अभिप्राय आले. "सुया उकळत नाहीत." "माझ्या आईला इथून कावीळ झाली." "नको ते दात काढतात, पैशासाठी." तिच्याकडे प्रत्येक पेशंटची नोंद असते. त्या वर्णनाचा एकही माणूस आला नव्हता. आम्ही त्या कंपनीला कळवलं, ठरावीक उत्तर आलं: आमच्या धोरणाचा भंग आढळला नाही. तिची बारा वर्षांची कमाई म्हणजे तिचं नाव. ते असं दीड महिन्यात खाली आलं. लोक फोनवर विचारायचे, मॅडम, सुया नवीन असतात ना?

आम्हाला संशय होता कुणाचा ते. दुसरं क्लिनिक त्याच महिन्यात उघडलं होतं. पण संशयावर दावा कसा लावणार? वकील म्हणाला, आधी नाव काढावं लागेल, त्यासाठी उच्च न्यायालयात जा, खर्च अमुक. आकडा ऐकून घरी आलो.

तुम्ही म्हणता नाव मागणाऱ्याने आधी सिद्ध करावं. "मला कावीळ झाली" हे खोटं आहे हे मी कसं सिद्ध करू? माणूसच माहीत नाही तर त्याची कावीळ कुठून आणू?

टोपणनावाची ढाल कमजोराला मिळते हे मान्य. पण ती ढाल घेऊन मागून दगड मारणाराही असतो, आणि तो बहुतेक वेळा कमजोर नसतो.

सुरवंट

दाढदुखी, +१००. मी हेच म्हणत होतो, मला नीट मांडता आलं नाही.

मॉरिसटाउनकर

दाढदुखी, वाचून वाईट वाटलं. पण मला वाटतं ती चाळणी तुम्हाला पार पडू देते. तुमच्याकडे नोंदवह्या आहेत, तारखा आहेत, अकरा अभिप्राय एकाच महिन्यातले आहेत. प्रथमदर्शनी पुरावा म्हणजे शेवटचा पुरावा नव्हे. अडकतो तो ज्याच्याकडे दाखवायला काहीच नाही आणि फक्त नाव हवंय. इथे व्हर्जिनियात एका गालिचे धुणाऱ्या कंपनीने नेमकं असंच म्हटलं होतं, हे सात अभिप्राय आमच्या गिऱ्हाइकांच्या यादीशी जुळत नाहीत, नावं द्या. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. पुढल्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो उलटवला, पण कारण वेगळं होतं: अभिप्राय ठेवणारी कंपनी कॅलिफोर्नियाची, तिच्यावर इथून हुकूम चालत नाही.

दाढदुखी

म्हणजे मुद्द्यावर जिंकून हद्दीवर हरले. आमचंही तेच झालं असतं. असो.

भाऊचा धक्का

सगळे अमेरिकेत निघालेत, जरा मुंबईत या.

लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये यायची. एकशे आठ पत्रं. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत, आणि टीका कुणावर, तर स्वतःच्याच जातीवर, भटशाहीवर, आळसावर. त्या पुण्यात ते उघड नावाने लिहिलं असतं तर पंक्तीला पाट मिळाला नसता. मराठीत टोपणनाव फक्त कवितेसाठी आलेलं नाही.

दुसरी गोष्ट १८८२ ची. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध काही पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'कडे आली. छापली. दिवाणांनी बदनामीचा खटला भरला, पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. बघा, पत्रं आणून देणारे वेगळे, आत जाणारे संपादक.

पुन्हा १८९७. 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' कविता आली. खाली कवीचं नाव नाही, भवानी तलवारीची निशाणी. राजद्रोहाचा खटला, शिक्षा अठरा महिने, कुणाला? संपादकाला.

१८६७ च्या कायद्यापासून प्रत्येक पत्राच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाची, आणि पुढे संपादकाचीही, ओळ लागते ती याचसाठी. वर लिहिणारा निनावी असला तरी खाली एक माणूस नावासकट उभा. तो म्हणायचा, मला धरा. आज लिहिणाऱ्याच्या खाली कोण उभा आहे? एक कंपनी, जिचं कार्यालय कुठल्या खंडात आहे ते ठाऊक नाही आणि जिला तुमचं नाव देऊन टाकणं हे सगळ्यात स्वस्त. कडीपत्ता यांच्या गोष्टीतले ते दोघं म्हणूनच मला महत्त्वाचे वाटतात. त्यांनी काय केलं पुढे?

कडीपत्ता

अजून ठरत नाहीये. एक म्हणतो देऊन टाकू, माझ्या गृहकर्जाचे हप्ते चालू आहेत. दुसरी म्हणते मुळीच नाही. नवरा-बायको आहेत ते, हे सांगायचं राहिलं.

ओटीपीकाका

मग दाव्याआधी घटस्फोट.

सुरवंट

भाऊचा धक्का, तुमचीच गोष्ट तुमच्यावर उलटते. पत्रं बनावट होती! नाव-गाव न लागणाऱ्या कागदावर विश्वास ठेवून टिळक-आगरकर आत गेले आणि दिवाणांची बदनामी झाली ती झालीच.

भाऊचा धक्का

उलटते, कबूल. म्हणून तर सांगितली. सोयीच्याच गोष्टी सांगायला मी प्रचारक नाही. फक्त एवढं बघा की बर्व्यांना न्याय मिळाला तो संपादकाला जबाबदार धरून.

चकलीचा साचा

अवांतर: अमेरिकेत अज्ञात प्रतिवादीला जॉन डो म्हणतात तसं आपल्या कोर्टांत अशोक कुमार म्हणतात. सिनेमाची चोरटी प्रत काढणाऱ्यांविरुद्ध असे मनाई हुकूम सर्रास निघतात. देशात जितके खरे अशोक कुमार असतील त्यांना काय वाटत असेल?

ओटीपीकाका

मराठीत अशोक सराफ हवं होतं. निदान प्रतिवादी हजर झाल्यावर कोर्टात टाळ्या पडल्या असत्या.

रानजाई

निनावी आणि टोपणनावी यांत फरक करा ना कुणीतरी. ओटीपीकाका हे नाव इथे नऊ वर्षं आहे. त्यांनी उद्या थापा मारल्या तर आपण म्हणू, काका, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. म्हणजे त्या नावालाही अब्रू आहे. काल उघडलेल्या आणि अकरा शिव्या देऊन पळालेल्या खात्याला ती नाही. कायद्याला हा फरक दिसत नाही, दोन्हींच्या मागे फक्त एक आधार क्रमांक दिसतो.

ओटीपीकाका

नऊ नाही, अकरा वर्षं. आणि थापा मारलेल्या आहेत, तुम्हाला कळल्या नाहीत.

शून्य मिनिट

नेटवर्कमधला माणूस. नाव "काढतात" म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण कोर्टात हा भाग कुणी विचारत नाही.

दोन टप्पे असतात. संकेतस्थळाकडे खरं नाव बहुधा नसतंच. असतो ईमेल, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीला मिळालेला क्रमांक) आणि वेळ. तो आयपी घेऊन इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे जायचं आणि विचारायचं की त्या क्षणी हा पत्ता कोणाकडे होता. आता मोबाइलवर एकच आयपी एका वेळी शेकडो गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ नोंदलेली नसेल तर कंपनी जे सांगते तो अंदाज.

अंदाज चुकला तर काय होतं? २००७, ऑर्कुटचा (फेसबुकच्या आधीचं तसंच संकेतस्थळ) जमाना. शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला उचललं. पन्नास दिवस तुरुंगात. नंतर कळलं, इंटरनेट कंपनीने भलत्याच गिऱ्हाइकाचा तपशील दिला होता. त्याने काहीच लिहिलं नव्हतं. आधी सूचना देणं, पुरावा तपासणं हे लिहिणाऱ्यासाठी हवं असं सगळे म्हणतायत. ते न लिहिणाऱ्यासाठीही हवं.

सुरवंट

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक खातं आधारला जोडा. बाहेर टोपणनाव दिसू दे, आत खरं नाव नोंदलेलं. गुन्हा झाला तरच उघडायचं. चूक होणार नाही, अकरा खोटे अभिप्राय येणार नाहीत.

शून्य मिनिट

दक्षिण कोरियाने केलं. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांना, आणि २००९ पासून रोज लाखाच्या वर लोक येणाऱ्या सगळ्यांना, खरी ओळख तपासणं सक्तीचं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेवर दरोडा पडला, साडेतीन कोटी लोकांचा तपशील गेला. देशाची लोकसंख्या पाच कोटी. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने कायदाच रद्द केला. तिजोरी बांधली की चोराला पत्ता शोधायची गरज राहत नाही.

सुरवंट

हं. साडेतीन कोटींचं माहीत नव्हतं. विचार करतो.

पारवा

या धाग्यावर कुणीतरी "विचार करतो" म्हणालं. वाचनखूण साठवली.

लँकेशायरची सून

इंग्लंडची गोष्ट राहिली. आमच्या भागातला एक पोलीस शिपाई 'नाइटजॅक' नावाने लिहायचा. गस्तीवर काय दिसतं, कागदी घोडे कसे नाचतात. २००९ मध्ये त्याला ऑरवेल पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळाला तशी लंडनच्या 'टाइम्स'ने त्याची ओळख शोधली. तो मनाई हुकूम मागायला गेला. न्यायमूर्ती ईडी यांनी जून २००९ मध्ये नकार दिला. जाहीर लिहिणं हे मुळात सार्वजनिक काम, त्यात खाजगीपणाची वाजवी अपेक्षा नाही, असा अर्थ. लेखन बंद झालं, त्याला खात्याकडून लेखी ताकीद मिळाली.

नंतर बाहेर आलं की पत्रकाराने त्याचं ईमेल खातं परवानगीशिवाय उघडून सुरुवात केली होती आणि हे न्यायालयापासून लपलं होतं. २०१२ मध्ये वृत्तपत्राने साडेबेचाळीस हजार पौंड भरपाई दिली. पण तोवर नाव तर जगाला कळलेलं. पैसे परत देता येतात, नाव कसं परत देणार?

काळा कोट

हा निकाल आपल्याकडे जसाच्या तसा लागू करू नये असं मला वाटतं, कारण मध्ये २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा मूलभूत हक्क मानला. चार भिंतीआडचाच नव्हे, स्वतःबद्दलची माहिती कुणाला किती कळावी हे ठरवण्याचाही. त्याआधीचं चित्र वेगळं होतं. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका कंपनीने 'टॉक्सिक रायटर' या टोपणनावामागचा माणूस मागितला, आणि न्यायालयाने गुगलला ओळख द्यायला सांगितलं.

मधला रस्ता दिल्लीत निघाला. २०१९, इन्स्टाग्रामवरचं एक निनावी खातं, कलाक्षेत्रातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी मांडणारं. एका नामवंताने ५ कोटींचा दावा लावला. उच्च न्यायालयाने मजकूर काढायला लावला आणि खातं चालवणाऱ्याचा तपशील सीलबंद लिफाफ्यात मागवला. पुढे खातं चालवणाऱ्यांनी नाव उघड न करता वकिलामार्फत बाजू मांडली. २०२० मध्ये तडजोड झाली. म्हणजे प्रतिवादी न्यायालयाला सापडू शकतो आणि तरी फिर्यादीच्या हाती लागत नाही, हे आपल्याच देशात एकदा घडलंय. कडीपत्तांच्या मैत्रिणीचं प्रकरण कोर्टात गेलंच तर तिच्या वकिलाने हे मागावं.

दाढदुखी

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. लिफाफा चालला असता. मला त्या माणसाला चारचौघांत उभं करायचं नव्हतं, न्यायाधीशाने त्याला एकदा विचारावं एवढंच हवं होतं: सुया उकळत नाहीत, हे तू कधी पाहिलंस?

आणि ऐका. बायकोला हा धागा दाखवला. ती म्हणाली, नाव मागण्याचा खर्च तेवढाच ठेवा, पण विकासकालाही तोच. मी म्हटलं त्याला काय फरक पडतो. ती म्हणाली, म्हणूनच तर त्याच्याकडून आधी पुरावा मागायचा.

कडीपत्ता

ताजी खबर. नवरा-बायकोत बायको जिंकली. वकिलाला उत्तर गेलं, चार ओळींचं: न्यायालयाचा आदेश आणावा. आदेशासाठी अर्ज करणार असाल तर लेखकाला आधी कळवू, जेणेकरून बाजू मांडता येईल. आक्षेपार्ह वाक्यं कोणती आणि त्यात खोटं काय ते कृपया कळवावं.

याला तीन आठवडे झाले. वाक्यांची यादी आलेली नाही. काल सोसायटीतल्या सगळ्यांच्या खात्यात दोन महिन्यांचं भाडं जमा झालं. त्याचा याच्याशी संबंध आहे की मार्चअखेरचा, देव जाणे. काळा कोट म्हणाले होते (व्यक्तिगत निरोप केला होता त्यांना) की बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष. अजून सात महिने आहेत, त्यामुळे पेढे नाहीत. तिने लेखात एक दुरुस्ती मात्र केली. एका पत्राची तारीख १२ च्या जागी २१ पडली होती. स्वतःहून खाली टीप टाकली. मला ते आवडलं.

सुरवंट

तारीख दुरुस्त केली हे उत्तम. यासाठी माझं अर्धं मत तुमच्याकडे.

ओटीपीकाका

कडीपत्ता, एक विचारू? ७९अ तोंडपाठ, नोटिशीतली वाक्यं पाठ, तारीख १२ की २१ तेही ठाऊक, भाडं जमा झालेलंही कळलं. ही मैत्रीण नक्की मैत्रीणच ना?

कडीपत्ता

काका, कोर्टाचा आदेश आणा.